प्रत माहितीसाठी

जावकअण्णांच्या घरातून साधी वाटी बाहेर पडली तरी तिला क्रमांक असायचा. सोलकढीची वाटी आमच्याकडे आली की तिच्याखाली एक चिठोरं असे: जा. क्र. १४, सोलकढी, वाटी एक, परत करावी. लग्न होऊन नवी नवी आले होते, तेव्हा ती चिठ्ठी बघून मी चिडले होते. आम्ही काय वाटी खाणार होतो? नवऱ्याने ती चिठ्ठी कपाटाच्या आरशाला चिकटवली आणि चार दिवस हसत बसला. वाटी परत द्यायला गेले तर अण्णांनी माझ्यादेखत वही उघडली, चौदा नंबरापुढे बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "झालं. आता कढी पोचली."

एका सरकारी कचेरीत त्यांनी बत्तीस वर्षं जावक विभागात काढली होती. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा, लांबलचक नोंदवहीत तारीख, विषय, कोणाला, प्रत कोणाला हे लिहायचं आणि चारच्या ठोक्याला टपाल बाहेर काढायचं, एवढंच त्यांचं काम. येणाऱ्या कागदांचं, म्हणजे आवकेचं टेबल शेजारी होतं. तिकडे आपण बत्तीस वर्षांत ढुंकून पाहिलं नाही, हे ते असं सांगत की जणू गड राखला. लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. त्यांना जावकअण्णा हे नाव कोणी दिलं ते मला माहीत नाही. मी आले तेव्हा ते होतंच.

माझी जीभ तिखट. लपवत नाही, लपणारही नाही. एकदा खालच्या मजल्यावरच्या कोणाचं तरी पोस्टकार्ड चुकून आमच्या दारात पडलं. पोस्टकार्डच ते, उघडंच असतं. मी वाचलं आणि नळावर सांगून टाकलं की रविवारी त्यांच्या मुलीला बघायला येताहेत. संध्याकाळी अण्णा मला दारात बोलावून सावकाश म्हणाले, "शैले, जावक आपली असते. ती चार लोकांनी बघितली तरी चालते. आवक दुसऱ्याने लिहिलेली असते गो. ज्याच्या नावची असेल त्यानेच वाचायची आणि वाचून गप्प बसायचं." मी बरं म्हटलं. आत येऊन नवऱ्याला त्यांची नक्कल करून दाखवली.

अण्णांचा मुलगा प्रसाद मस्कतला नोकरीला. काकू, म्हणजे त्याची आई, गेल्या तेव्हा त्याला सुट्टी मिळून, तिकीट मिळून यायला तिसरा दिवस उजाडला. तो बॅग घेऊन जिना चढून वर आला तेव्हा सगळी गॅलरी दारांत उभी होती. अण्णा एरवी आमच्याशी शुद्ध बोलायचे, पण राग आला की मालवणी निघायची. ते दारातूनच त्याला म्हणाले, "आता कित्याक इलंस? टपाल निघान गेला." आता कशाला आलास, टपाल निघून गेलं. प्रसादने बॅग खाली ठेवली नाही. आत जाऊन आईच्या फोटोला नमस्कार केला, बाहेर आला आणि जिना उतरला. जेवलासुद्धा नाही. त्यानंतर दोन वर्षं दोघांत धड शब्द नव्हता. कधीमधी फोन लागायचा, तेव्हा भिंतीपलीकडून मला अण्णांचं नुसतं हं, हं ऐकू यायचं आणि मग काहीच नाही.

एका रविवारी अण्णांनी मला हाक मारली. प्रसादचा जुना डेस्कटॉप त्यांनी माळ्यावरून काढून टेबलावर मांडला होता, पुसून लख्ख. मी दादरला एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका लावायचे, त्यामुळे मजल्यावर कोणाचं काही अडलं की मशीनची वैद्य मीच. म्हणाले, प्रसादला पत्र पाठवायचंय. मी म्हटलं, मोबाइलवरून पाठवा, त्यात काय मोठंसं. तर म्हणाले, मोबाइलातलं पत्र कुठे ठेवलंय ते दिसत नाही, मला फाइल पाहिजे. मग मी त्या मशीनवर मेलचा प्रोग्रॅम घातला. नाव भरलं, पत्ता भरला, पासवर्ड त्यांनी वहीत लिहून त्याला क्रमांक दिला. पुढच्या पानावर येणाऱ्या टपालाचा सर्व्हर आणि जाणाऱ्या टपालाचा सर्व्हर अशा दोन चौकटी आल्या. त्या काय असतात हे मी आजवर कोणालाही समजावू शकले नव्हते, माझं मलाच धड कळलेलं नव्हतं. अण्णा चष्मा सावरून पुढे वाकले. "म्हणजे आवक आणि जावक. दोन टेबलं. मग हे तर आमचंच ऑफिस." एवढं खुश झालेलं मी त्यांना काकू गेल्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांनी माझ्याकडून दोन फोल्डर करून घेतले, आवक आणि जावक. लिहिलेलं पत्र लगेच पाठवायला त्यांची तयारी नव्हती. ते मशीन ऑफलाइन ठेवायला लावायचे. पत्र आठवडाभर आउटबॉक्समध्ये पडून राहायचं, त्यावर ते पुन्हा पुन्हा हात फिरवायचे, आणि शुक्रवारी चारला इंटरनेट जोडून टपाल काढायचे. येणारी पत्रं सर्व्हरवर ठेवायची का, असं प्रोग्रॅमने विचारलं तर साफ नाही म्हणाले. आलेलं टपाल पोस्टात पडून राहिलं तर काय शोभा, सगळं उचलून घरी आणायचं. सगळं त्या एका मशीनमध्ये राहील, मशीन गेलं की सगळं जाईल, असं मी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही.

पहिलं पत्र त्यांनी लिहिलं ते मी पूर्ण वाचलं, कारण त्याची प्रत मला आली. जा. क्र. १. विषय: दारात केलेल्या विधानाबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, तू आईच्या वेळी आलास तेव्हा मी केलेले विधान मागे घेण्यात येत आहे. चूक माझी आहे. तरी कृपया नोंद घ्यावी. खाली: प्रत माहितीसाठी, सौ. शैला, शेजारी. मी हसले, मग मला भरून आलं, मग मी तशीच त्यांच्याकडे गेले आणि विचारलं की बापलेकाच्या पत्राची प्रत मला कशाला. ते म्हणाले, "बोललो ते सगळ्या गॅलरीने ऐकलं. मागे घेतो ते निदान एकाने तरी वाचायला नको? आणि तुझ्याकडे आलं म्हणजे गॅलरीत गेलंच." वर असंही म्हणाले की तिसरं माणूस वाचणार म्हटलं की पत्रात जीभ सैल सुटत नाही.

त्यानंतर शुक्रवार चुकला नाही. विषय: पाणी, गुडघा व इतर. विषय: आईच्या फोटोचा हार. विषय: गॅलरीच्या दुरुस्तीबाबत व तुझी प्रकृती. वर संदर्भ म्हणून नेहमी एकच ओळ: माझे मागील पत्र. पहिली वीसेक पत्रं मी वाचली. पुढे पुढे नुसता क्रमांक बघायचे आणि बंद करायचे. एकशे सहा, एकशे सात. प्रसादचं उत्तर मला कधी आलं नाही. एकदा मी अण्णांना सरळ विचारलं की तो काही लिहितो का. तर हात वर करून म्हणाले, "आवकेचा इचारू नको गो." मी समजायचं ते समजले. पोराची झाकताहेत, म्हटलं. आणि नळावर, जिन्यात, हळदीकुंकवाला मी सांगत सुटले की म्हातारा दर शुक्रवारी कागद काळे करतो आणि तो दगड एक अक्षर लिहीत नाही. सगळ्यांनी च्यक् च्यक् केलं. मला बरं वाटायचं, हे खोटं कशाला सांगू.

शनिवारी सकाळी मात्र अण्णा खुशीत असत. दार लावून तासभर आत बसायचे आणि बाहेर आले की गॅलरीत येरझारा, मालवणीत काहीतरी गुणगुणणं, समोर येईल त्याला चहाचं निमंत्रण. उद्याच्या रविवारच्या माशांची ही खुशी, असं मी धरून चालले होते. डिसेंबरात त्यांनी पिंजाऱ्याला बोलावून जादाची गादी पिंजून घेतली, नवी खोळ शिवली. कोणासाठी, असं विचारलं तर म्हणाले, असू दे, जुनी झाली होती.

जानेवारीत त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. परळच्या दवाखान्यात मीच घेऊन गेले, हाताला धरून, आणि चार दिवस डोळ्यात थेंबही मीच घातले. त्या शुक्रवारी एकशे अकरावं पत्र आलं. ऑपरेशन उत्तम पार पडले, काळजी नसावी, प्रत माहितीसाठी सौ. शैला. माझं डोकंच फिरलं. पत्रावर प्रसादचा पत्ता होताच. मी छापखान्यात बसूनच त्याला लिहिलं. प्रसाद, तुझे वडील दर शुक्रवारी तुला लिहितात, मला प्रत येते. दोन वर्षं होऊन गेली, तुझी एक ओळ नाही. ऑपरेशनला परक्यांनी नेलं. सगळ्या चाळीला ठाऊक आहे तू कसा आहेस. लाज असेल तर निदान एक उत्तर लिही. पाठवून टाकलं आणि कामाला लागले. कोणाला सांगितलं नाही. त्याचंही उत्तर आलं नाही, तेव्हा वाटलं, बरोबर वर्मी लागलं.

पुढच्या शुक्रवारी मला प्रत आली नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आली, तिच्यावर एकशे तेरा. मी अण्णांना चिडवलं, जावक विभागात गफलत? बत्तीस वर्षांत झाली नाही ती आता? ते वहीत बघत म्हणाले, एकशे बारा रद्द झालं. बस. मी विषय सोडला.

त्यानंतर शनिवारची खुशी गेली. दार लावून बसायचे ते पाच मिनिटांत बाहेर यायचे. मला वाटलं डोळ्याचं काही असेल. फेब्रुवारीत एकदा त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, मशीन बरोबर चालतंय ना, आवक येते ना? मी माझ्या मोबाइलवरून त्यांच्या पत्त्यावर एक मेल टाकला, नुसतं 'चाचणी' लिहून. त्यांनी बटण दाबलं आणि तो आला. येते की, मी म्हटलं, मशीनला काही झालेलं नाही. त्यांनी ते 'चाचणी' उचलून आवक फोल्डरमध्ये ठेवलं. प्रसादला मनातल्या मनात शिव्या घालत मी घरी आले.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी ते त्या मशीनसमोरच्या खुर्चीतच गेले. दूधवाल्याने हाक मारली, दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणून मी आत गेले. स्क्रीन चालू होती. मी आधी ती बंद केली, मग लोकांना बोलावलं. आधी ती का बंद केली ते मला सांगता येत नाही.

प्रसाद त्याच संध्याकाळी पोचला. या वेळी तो वेळेवर आला, तर कोणी त्याच्याशी बोललं नाही. मी तर नाहीच नाही. तेरा दिवस तो त्या खोलीत एकटा होता. मी जेवणाचं ताट दारात ठेवून मागे फिरायचे. चौदाव्या दिवशी तो आमच्या दारात आला आणि म्हणाला, ताई, बाबांचं मशीन तूच लावून दिलंस ना, पत्रं पेनड्राइव्हवर काढून दे, त्यांनी लावलीत तशीच, क्रमाने. मी गेले. जमिनीवर ती नवी खोळ घातलेली गादी पसरलेली होती. तो तिच्यावरच झोपत होता.

मी आधी जावक फोल्डर काढला. मग आवक उघडला. त्यात माझं ते एक 'चाचणी' असेल, बाकी काही नाही, अशा हिशेबाने उघडला. यादी संपेचना. शंभराच्या वर पत्रं होती, सगळी प्रसादची. दर शुक्रवारची, तिकडे रात्र असताना लिहिलेली असतील, इकडे शनिवारी सकाळी उतरलेली. मी माउसवरचा हात काढून घेतला. तो मागे उभा होता. म्हणाला, माझीच आहेत, वाच.

मी वाचली. बाबा, गुडघ्याला हे मलम लावा, इथला एक जण म्हणतो चांगलं आहे. मला आठवलं, अण्णांच्या कुठल्याशा पत्रात होतं, मलम लावणे सुरू आहे, फरक आहे. कुठलं मलम, कोणी सांगितलं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बाबा, ऑपरेशनला मी येतो, नको म्हणू नका. आणि पुढच्याच पत्रात, बरं, मग मे महिन्यात नक्की, सुट्टी मंजूर झाली. सगळं तिथे होतं. मला फक्त जावक येत होती आणि तेवढ्यावर मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते.

शेवटचं पत्र जानेवारीतलं होतं, मी त्याला मेल टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. बाबा, शैलाताईचं पत्र आलं. तुमच्या पत्रांची प्रत तिला जाते ते मला पहिल्यापासून दिसत होतं, मला चालत होतं. जे सगळ्यांसमोर झालं ते सगळ्यांसमोर मिटतंय, असं वाटायचं. मी लिहितो एवढं तुम्ही तिला कधी सांगितलंच नाही? चाळीसाठी मी अजून तोच आहे, मग मे महिन्यात कुठल्या तोंडाने जिना चढू?

त्यानंतर आवकेत फक्त 'चाचणी'.

मग मी जावकेतलं एकशे बारा उघडलं. विषय: शैलाच्या पत्राबाबत. तुझी पत्रे मी कोणासही दाखविली नाहीत व त्यांचा उल्लेखही केला नाही, कारण ती माझ्या नावची होती. त्यामुळे शैलास अपुरी माहिती गेली. चूक तिची नसून जावक विभागाची आहे. तिने मला हाताला धरून दवाखान्यात नेले आहे. तिला हे कळल्यास ती स्वतःस माफ करणार नाही, सबब तिला काही कळवू नये. तू मात्र मे महिन्यात ये. गादी पिंजून ठेवली आहे. खाली, जिथे एकशे अकरा वेळा माझं नाव होतं, तिथे लिहिलं होतं: प्रत, कोणासही नाही.

रडू आलं नाही. आत सगळं बधीर झालं होतं, अजून आहे. मी स्टुलावर बसले. म्हटलं, "तू मग लिहिलं का नाहीस?"

"मी रुसलो होतो ताई. म्हटलं, असं लिहिलं तरी बाबा एकदा तुला सांगतील आणि तुझी एक ओळ येईल. तेवढीच हवी होती. ते दर शुक्रवारी लिहीत राहिले, मी दर शुक्रवारी तुझी वाट बघत राहिलो."

मी सॉरी म्हटलं. शब्द फार छोटा होता. तो म्हणाला, असू दे. अगदी अण्णांसारखं म्हणाला.

मी उठून गॅलरीत आले. संध्याकाळ होती, नळ आले होते, सगळ्या बायका बाहेर होत्या. मी कठड्याला धरून मोठ्याने सांगितलं की प्रसाद दर आठवड्याला अण्णांना लिहायचा, शंभरावर पत्रं आहेत, मी आत्ता डोळ्यांनी बघितली, आणि मी आजवर सांगितलं ते सगळं खोटं होतं. कोणीतरी बादली खाली ठेवली. मी ज्या ज्या दाराशी गेले तिथे तिथे पुन्हा सांगितलं, खालच्या दोन मजल्यांवर जाऊनही सांगितलं. ज्या तोंडाने पसरवलं त्याच तोंडाने. दुसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा तीन घरांतून त्याला डबे आले. त्याने बॅग दारात खाली ठेवली आणि सगळे घेतले.

जाण्याआधी त्याने मला विचारलं की तुलाही पत्रांचा एक संच काढून देऊ का, सगळी पत्रं आहेत. मी म्हटलं, माझ्याकडे माझ्या प्रती आहेत. म्हणाला, एकशे बारा नाही तुझ्याकडे, ते तरी घे.

माझ्या मेलमध्ये एकशे अकरानंतर आजही एकशे तेरा आहे. मधलं पत्र मला तोंडपाठ आहे, पण त्यावर प्रत कोणासही नाही असं लिहिलेलं होतं. मी ते घेतलं नाही.